आवडत्या मराठी चित्रपटांची यादी: करावी कशी आणि पारखावी कशी

‘तुमचे आवडते मराठी चित्रपट कोणते?’ असे कोणी विचारले की आपण पाच-सात नावे घडाघडा सांगतो. पण त्यांतला एखादा शेवटचा कधी पाहिला होता, असा पुढचा प्रश्न आला की बहुधा गाडी अडते. ज्याचे नाव आपण पंधरा वर्षे कौतुकाने घेत आलो, तो चित्रपट अनेकदा आपण एकदाच, मित्रमंडळींच्या घोळक्यात पाहिलेला असतो. मग आपल्याला आवडला होता तो चित्रपट की ती संध्याकाळ, याचा निवाडा व्हायचा राहूनच जातो. हा निवाडा करण्याची एक पद्धत मी गेली काही वर्षे वापरत आहे आणि ती येथे क्रमाने मांडत आहे. त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि वर्षभरातल्या दहा-बारा निवांत संध्याकाळी एवढेच साहित्य लागते. पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी आधी पाहून यावे.

आरंभी हद्द आखून घ्यावी

सगळ्या भाषांचे आणि सगळ्या काळांचे चित्रपट एकाच यादीत कोंबले की तुलना फसते. मी माझ्या यादीची सुरुवात २००४ या वर्षापासून केली, कारण त्या वर्षी संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी पुन्हा मराठीकडे आला. माझ्यापुरता तो मैलाचा दगड आहे. वाचकांनी आपापली हद्द आपल्या आयुष्यावरून ठरवावी: कुणाला ती कॉलेजात गेल्यापासूनची धरता येईल, कुणाला मुंबई सोडून परदेशी स्थायिक झाल्यापासूनची. हद्द कोणतीही चालेल, मात्र मध्येच एखादा लाडका चित्रपट आत घेण्यासाठी ती हलवू नये.

पहिली पायरी: नावे नव्हे, चित्रे लिहावीत

फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास बसावे. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी आणि डावीकडे जे दृश्य, जो आवाज किंवा जो चेहरा आठवेल तो आठवेल तसा लिहावा. चित्रपटाचे नाव उजवीकडे नंतर भरावे. उलट्या क्रमाने गेलो, म्हणजे आधी नावे लिहिली, तर वर्तमानपत्रांतली परीक्षणे, पुरस्कारांच्या बातम्या आणि चार लोकांचे बोलणेच हातून उतरते. माझ्या पहिल्या पानावर ‘विहिरीच्या पाण्यात वरून दिसणारे आभाळ’, ‘कोर्टातला पंखा’, ‘गावभर मोकाट फिरणारा वळू आणि त्याच्यामागे लागलेले वनखाते’ अशा ओळी होत्या. पंख्याबद्दल मला आजही खात्री नाही. तो कदाचित मी दुसऱ्याच कुठल्या तरी कचेरीतला पाहिलेला असेल. तरीही ती ओळ मी खोडली नाही, कारण ‘कोर्ट’ या चित्रपटाने माझ्या डोक्यात सरकारी इमारतीतला जो उबट कंटाळा भरून ठेवला होता, तो त्या पंख्याने नेमका धरला होता.

या पायरीवर दोन खुणा कराव्यात. ज्या दृश्याला नाव सापडत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकावे आणि ते जपून ठेवावे. ज्या नावाला एकही दृश्य सापडत नाही त्यापुढे फुली मारावी. माझ्या यादीत एकतीस नावे झाली आणि त्यांतल्या बारा नावांना फुल्या पडल्या. त्यांत काही मोठे पुरस्कार मिळवलेले चित्रपट होते, हे पाहून मला थोडी शरमही वाटली.

दुसरी पायरी: बाहेरून चिकटलेले काढावे

उरलेल्या प्रत्येक नावाविषयी एकच प्रश्न विचारावा: ही आठवण चित्रपटातूनच आली आहे की दुसरीकडून? मराठीत या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ गाणी घालतात. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’मधली लावणी गणपतीच्या मांडवात आणि लग्नाच्या हॉलमध्ये इतक्या वेळा कानांवर पडते की चित्रपट आठवतो आहे असा भास होतो आणि प्रत्यक्षात ध्वनिक्षेपक आठवत असतो. म्हणून मी गाणे वजा करून पाहिले, तेव्हा अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला गुणा उरला: कुस्तीत कमावलेले शरीर, त्याच शरीराला तमाशातल्या नाच्याच्या वळणावर न्यावे लागणे, आणि गावाने त्याच्याकडे पाहण्याची बदललेली नजर. नाव यादीत राहिले, पण कारण बदलले. अशी कारणांची अदलाबदल झाली की पद्धत काम करते आहे असे समजावे.

‘सैराट’ची गोष्ट जास्त अवघड आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो आला तेव्हा लोक चित्रपटगृहात खुर्च्यांसमोर उभे राहून नाचत होते, आणि शंभर कोटींच्या कमाईची चर्चा तर घराघरांत चालली होती. हा सगळा गाजावाजा बाजूला सारणे सोपे नाही. तो सारण्याचा मार्ग मला चित्रपटाच्या रचनेतच सापडला. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटाची गाणी पहिल्या भागातच आटोपतात. पुढे आर्ची आणि परशा हैदराबादच्या झोपडपट्टीत पोहोचतात तेव्हा गाण्यांच्या जागी पाणी, अंथरूण, मजुरी आणि संशय येतो. ज्या प्रेक्षकाला केवळ पहिला भाग आठवतो त्याने हा चित्रपट पाहिलेलाच नाही, असे मी थोडे कठोरपणे म्हणेन. शेवटच्या दृश्यात आवाज पूर्ण थांबतो आणि रडणारे मूल रक्ताची पावले उमटवत दाराबाहेर येते. त्या शांततेत बसलेल्या प्रेक्षकांतलेच काहीजण तासाभरापूर्वी नाचलेले असतात, आणि नागराज मंजुळे यांनी ही गणना आधीच करून ठेवलेली आहे.

सोबतीचाही विचार करावा. आजोबांबरोबर पाहिलेला चित्रपट, पहिल्या पगाराच्या पैशांनी पाहिलेला चित्रपट यांना मनात वेगळी जागा असते आणि ती असावी. पण वहीत त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवावे. एकाच पानावर दोन प्रकारचे प्रेम लिहिले की दोघांवरही अन्याय होतो.

तिसरी पायरी: पाच वर्षे थांबावे

नवा चित्रपट थेट यादीत घेऊ नये. तो प्रतीक्षेच्या पानावर लिहून समोर पाच वर्षांनंतरचे साल टाकावे. यापेक्षा या पायरीवर अधिक बोलण्यासारखे काही नाही, केवळ संयम लागतो.

चौथी पायरी: पुन्हा पाहावे, पण रीतीने

सगळ्या पद्धतीचा कणा ही पायरी आहे, म्हणून येथे घाई करू नये. आधी पडद्याची तयारी करावी. अलीकडच्या बहुतेक टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करून दाखवणारी एक सोय मुळातच चालू असते. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटी या गतीने चित्रित झालेला असतो. टीव्ही त्या चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने जास्तीच्या चौकटी घुसडतो आणि मग उत्तम छायाचित्रणही दुपारच्या मालिकेसारखे दिसू लागते. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करावी, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडावा. मराठी समजणाऱ्यांनी खालच्या इंग्रजी ओळीही बंद कराव्यात, कारण डोळे आपोआप त्या वाचतात आणि चेहऱ्यावरचे निसटते. मूळ मराठी आवाजच निवडावा. भाषांतरित आवाजात गावाची बोली मरते आणि बोली मेली की अर्धा चित्रपट जातो. हे झाले की दिवे मालवून, मध्ये न थांबता, एका बैठकीत चित्रपट पाहावा.

दुसऱ्या दिवशी संपूर्ण चित्रपट नव्हे, तर त्यातले एकच दृश्य तीनदा पाहावे: एकदा नेहमीसारखे, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकत. हा प्रयोग मी प्रथम ‘फँड्री’वर केला. गावातली डुकरे पकडण्याचे काम जब्याच्या कुटुंबावर आले आहे; शाळेला लागूनच धावपळ चालली आहे आणि वर्गमित्रांनी, विशेषतः त्याला आवडणाऱ्या शालूने, आपल्याला पाहू नये म्हणून जब्या आडोसा शोधतो आहे. डुक्कर तावडीत येऊ घातले असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी थांबतो, त्याच्या पाठोपाठ घरची माणसे थांबतात, आणि डुक्कर मात्र आपल्या वाटेने निघून जाते.

नेहमीसारखे पाहताना या दृश्यात हसू येते आणि लगेच ते गिळावे लागते. आवाज बंद करून पाहिले तेव्हा मला उभ्या माणसांची शरीरे दिसली: धापा टाकणारी, धुळीने माखलेली, तरीही ताठ. जब्याच्या वडिलांचे, कचरूचे, काम करणाऱ्या किशोर कदम यांच्या खांद्यांत केवढा थकवा आहे हे तेव्हा प्रथम लक्षात आले. पाठ करून ऐकले तेव्हा आरडाओरडा, पळणारी पावले, आणि मग एकदम फक्त राष्ट्रगीत. त्या कुटुंबाला गावाने माणसांत धरलेले नाही, पण नियम पाळण्यात तेच सर्वांत पुढे आहे, हे कुठल्याही संवादाशिवाय कानांनाही कळते. तिन्ही वेळा दृश्याने काहीतरी वेगळे दिले. ज्या दृश्यात आवाज बंद करताच काहीच उरत नाही, त्यात बहुधा पार्श्वसंगीतच आपल्या वतीने रडत असते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. तो दगड पहिल्यांदा धक्का देतो. तिसऱ्यांदा पाहताना, तो उचलला जाण्याआधी त्याला किती वेळा चिडवले गेले ते आपण मोजू लागतो.

पुन्हा पाहताना लक्ष ठेवायला एकच गोष्ट निवडली तर फार उपयोग होतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’साठी मी ‘भाषा’ ही गोष्ट निवडली. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांचे गाणे ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. मृत वासुदेव पवारची बायको साक्षीला उभी राहते आणि साध्या शब्दांत नवऱ्याच्या कामाविषयी सांगते: गटारात उतरण्याआधी तो खडा टाकून पाहायचा, झुरळे बाहेर आली तर आत श्वास घेता येईल असे समजायचा, दुर्गंधी सोसावी म्हणून दारू प्यायचा. न्यायाधीश हे सगळे ऐकून टंकलेखकाला इंग्रजीत नोंद सांगतात. बाईंच्या तोंडची झुरळे नोंदीत पोहोचेपर्यंत कोरडी, औपचारिक वाक्ये होऊन जातात. पहिल्या वेळी माझे लक्ष खटल्याचा निकाल काय लागतो याकडे होते आणि चित्रपट मला संथ वाटला होता. दुसऱ्या वेळी कळले की खरी घटना या भाषांतरातच घडते आहे. त्याशिवाय हा चित्रपट कोणालाही खलनायक करत नाही. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. शेजारच्या जिन्यात रोज भेटणाऱ्या काकूंसारखी ती आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा तेच कलम वाचून दाखवणार आहे.

‘कोर्ट’च्या बाबतीत एक अडचण सांगून ठेवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा काही क्षण काळाच राहतो. मी गेलो होतो त्या चित्रपटगृहात लोक इथेच उठले, दारावरच्या माणसाने दार उघडले, बाहेरचा उजेड आत आला, आणि निम्म्या प्रेक्षकांनी चित्रपटाचा खरा शेवट चपला शोधत पाहिला. त्या शेवटात सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर पेंगत असतात; मुले ओरडून त्यांची झोप मोडतात, ते एका पोराला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. अंधार झाला तरी उठू नये, असे मी माझ्या वहीत त्या चित्रपटापुढे लिहून ठेवले आहे.

पाचवी पायरी: एका वाक्यात कारण लिहावे

पाहून झाल्यावर दोन दिवसांच्या आत, चित्रपट का टिकला ते एका वाक्यात लिहावे. अट अशी की ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तववादी’ आणि ‘अंतर्मुख करणारा’ हे शब्द वापरायचे नाहीत, आणि वाक्यात निदान एक अशी वस्तू किंवा कृती हवी जी पडद्यावर दिसते. ही अट जाचक वाटते, पण तिच्यामुळेच आपण काय पाहिले ते कळते.

‘श्वास’पुढे मी प्रथम ‘आजोबा-नातवाचे नाते’ असे लिहिले आणि खोडले, कारण त्या नात्यावर दहा चित्रपट निघतील. दुसऱ्या प्रयत्नात लिहिले: ‘जीव वाचवण्यासाठी नातवाचे डोळे काढावे लागणार हे कळल्यावर आजोबा त्याला रुग्णालयातून उचलून शहर दाखवायला नेतात.’ आता वाक्यातच चित्रपट आला. अरुण नलावडे यांचे आजोबा तिथे शहाणपणाने वागत नाहीत. डॉक्टर संतापतात ते योग्यच आहे. पण जे काम कोणत्याही वैद्यकीय कागदावर लिहिता येत नाही तेच ते करतात. मुलाच्या डोळ्यांचा कर्करोग हा विषय रडवण्यासाठी आयता होता, आणि तरीही आपल्याला आठवतो तो शस्त्रक्रियेआधीचा एक दिवस.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’पुढचे वाक्य असे आहे: ‘मित्रांबरोबर गेलेला चिन्मय पावसात किल्ल्यात एकटा मागे राहतो आणि परत आल्यावर त्यांच्याशी बोलत नाही.’ वडील गेलेले, आईची बदली कोकणात झालेली, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आपल्याला नेमके काय होते आहे हे सांगता येत नाही. दिग्दर्शकच छायाचित्रकार असल्यामुळे पाऊस, दगड आणि समुद्र हे या मुलाच्या न बोललेल्या वाक्यांच्या जागी येतात. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाचा ‘क्रिस्टल बेअर’ त्याला मिळाला, ही बातमी मला पुरस्कार म्हणून नव्हे तर पुरावा म्हणून महत्त्वाची वाटते: मराठीचा गंधही नसलेल्या मुलांनी तो एकटेपणा ओळखला होता.

उमेश विनायक कुलकर्णी यांच्या ‘विहीर’पुढचे वाक्य मला अजून जमलेले नाही. समीर आणि नचिकेत या नात्याने भाऊ असलेल्या मित्रांची पत्रे आहेत, वाड्यातला लपंडाव आहे, आणि मग नचिकेत विहिरीत बुडाल्यावर समीर त्याला असा शोधत राहतो जणू लपंडावाचा डाव अजून संपलेलाच नाही. इथवर येऊन वाक्य दरवेळी तुटते. अशा वेळी जागा मोकळी सोडावी. ती भरण्यासाठी पुन्हा पाहावेसे वाटते, हेही कारणच आहे.

सहावी पायरी: दुसऱ्या पिढीला दाखवावे

आपल्या वयाचा, आपल्याच गावचा माणूस परीक्षेला घेऊ नये, तो आपलीच री ओढतो. माझ्या मामांना मी ‘देऊळ’ दाखवला. ते गावाकडच्या एका देवस्थानाच्या कामात आयुष्यभर राहिलेले. स्वप्नात दत्त दिसला म्हणून केशा सांगत सुटतो, गावाला हवे असलेले रुग्णालय बाजूला पडते आणि देवळाच्या निमित्ताने बाजार उभा राहतो, हे पाहून ते चिडतील अशी माझी अटकळ होती. मामा पहिला तासभर पोट धरून हसले, नंतर गप्प झाले, आणि शेवटी एवढेच म्हणाले, “अरे, दुकानांच्या गाळ्यांचं अगदी असंच झालं होतं.” चित्रपट टीकेचा असूनही ज्याच्यावर टीका आहे त्याला त्यात स्वतःचे गाव दिसले. ‘देऊळ’ माझ्या यादीत फुलीच्या कडेवर होता. त्या संध्याकाळनंतर तो पक्का झाला.

उलट ‘दिठी’ दाखवली तेव्हा सतरा वर्षांच्या भाचीने सुरुवातीलाच जांभया दिल्या. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरची सुमित्रा भावे यांची ही कलाकृती: संततधार पाऊस, पोथी वाचणारे वारकरी, आणि पाण्यात वाहून गेलेल्या मुलाच्या दुःखात आतून बंद झालेला रामजी लोहार. मग अडलेली गाय सोडवायला रामजी येतो आणि गोठ्यात त्याचे हात काम करू लागतात. तिथे भाची उठून पुढे बसली. तिने संपूर्ण चित्रपट आवडल्याचे सांगितले नाही, मीही विचारले नाही. जाता जाता, ‘श्वास’, ‘किल्ला’, ‘अस्तु’ आणि ‘दिठी’ या चारही चित्रपटांत अमृता सुभाष आहेत हे यादी लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले. आपली आवड दिग्दर्शकांमागे जाते अशी समजूत असेल तर वही ती मोडू शकते.

सातवी पायरी: काढून टाकावे

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ मध्ये मला डोक्यावर घ्यावासा वाटला होता. बँकेत काम करणारा माधव आपटे एके दिवशी भडकतो आणि भ्रष्ट माणसांना ठोकत सुटतो. लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा तो आपला वाटला. पुन्हा पाहताना संदीप कुलकर्णी यांचा अभिनय तितकाच सच्चा वाटला, पण मला आवडला होता तो माझाच राग, हेही कळले. त्याचे नाव मी एका आडव्या रेघेने काढले, खरवडून नव्हे, म्हणजे पुढे मत बदलले तर ते वाचता येईल. काढलेल्या नावांसमोर तारीख लिहावी. आपण काय काढले याची नोंद, काय ठेवले याच्या नोंदीइतकीच कामाला येते.

यादीला क्रमांक देऊ नयेत. ‘कोर्ट’ वर की ‘किल्ला’ वर हा वाद रात्रभर रंगतो आणि त्यातून दोन्ही चित्रपटांविषयी काहीच हाती लागत नाही. संख्या मात्र बांधावी. मी बारा ठेवली आहे, कारण वर्षाला बारा महिने आहेत आणि महिन्याला एक जुना चित्रपट पुन्हा पाहणे मला झेपते. तेरावा आला की एकाला जावे लागते.

प्रतीक्षेच्या पानावर सध्या सर्वांत वर रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आहे. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या आनंदची नि त्याच्या बालमित्राची ती हळू आवाजातली गोष्ट मला फार भावली. डावीकडच्या रकान्यात ‘सुतकातल्या घरात सारखे कुणीतरी विचारते, लग्न कधी?’ एवढेच लिहिले आहे, उजवीकडे पेन्सिलीने नाव आहे, आणि पुढे साल टाकले आहे: २०३०.